तंगाची आतली बाजू

"तंग उलटून पाहू नको, माय."

सत्यभामाबाईंनी हे सांगितलं तेव्हा विमलच्या हातात लग्नाचा हिरवा चुडा होता, आणि सासरी कुणी काहीही सांगितलं तरी ती 'बरं' म्हणून मान हलवत होती. तिचा या घरातला तो पहिला दसरा. माजघरात पाटावर घोड्याचं सामान मांडलेलं होतं. खोगीर, लगाम, रिकिबी, आणि घोड्याच्या पोटाखालून आवळायचा तो रुंद चामडी पट्टा, तंग. सासूबाई रुखमाबाई एकेका वस्तूला तूप चोळत होत्या, वर हळदकुंकू वाहत होत्या. सासऱ्यांच्या थोरल्या बहीण सत्यभामाबाई, ज्यांना सगळं घर आत्याबाई म्हणायचं, त्या उंबऱ्याच्या पलीकडं उभ्या होत्या. विधवा बाईनं या सामानाला हात लावायचा नाही असा घराचा रिवाज होता. आत्याबाई एवढ्या हळू बोलल्या की विमलला वाटलं, तिन्हीसांजेला नखं काढू नयेत, त्यातलंच हे एक असेल. अमरावतीच्या कॉलेजात तर्कशास्त्राचा पेपर दिलेली मुलगी ती. मनातल्या मनात हसली आणि विसरून गेली.

पण आता ते वाक्य तिला आठवलं, कारण आता तिचा मुकुंदा चार वर्षांचा होता.

डोणगावच्या अलीकडच्या या गावात पाटलाच्या घरची रीत अशी की थोरल्या पातीचा, म्हणजे थोरल्या भावाकडचा, मुलगा उमजू लागला की दसऱ्याला त्याला सासऱ्यांच्या आजोबांच्या खोगिरावर बसवायचं आणि गावाची सीम ओलांडून आणायची. एकट्यानं. पुढं धरायला कुणी नाही, मागं टेकायला कुणी नाही. बाप लगाम धरून चालतो, बस. मुकुंदाचा बाप शालिग्राम असाच बसला होता. आजोबा वामनराव असेच बसले होते. शालिग्रामच्या नंतर मात्र त्या खोगिरावर कुणी बसलं नव्हतं. ते नुसतं पुजलं जात होतं. आणि मैना घोडी अलीकडं भित्री झाली होती. मेहकरची मोटार भोंगा वाजवत गावावरून गेली की कान पाडून आडवीतिडवी पळायची.

विमलनं नवऱ्याला आधीच सांगून ठेवलं होतं की मला भीती वाटते. शालिग्राम मेहकरच्या कचेरीत वकिली करत होता, दसऱ्यासाठी चार दिवस आला होता. परसातल्या शेवग्याखाली उभं राहून त्यानं कबूल केलं की बाबांशी बोलतो. आणि ओसरीवर विषय निघाला तेव्हा तो आपल्या कोटाच्या बाहीवरचा नसलेला धागा शोधत बसला.

विषय काढला वामनरावांनी, पण कान टवकारले ते किसनरावांनी. वामनरावांचा हा धाकटा भाऊ शेजारच्याच घरात राहायचा आणि पाटलाच्या ओसरीवर दिवसातून एकदा तरी पान खायला यायचा. किसनरावांचा नातू गणपत मुकुंदाएवढाच होता. विमल दारामागून म्हणाली की मामंजी, यंदा नको, पुढल्या वर्षी बसवू या का, तेव्हा किसनरावांनी पानाला चुना लावता लावताच सांगितलं की दादा, तुमच्या सूनबाईले भेव वाटत असंल तं आमचा गणपत हायेच की. मान वाया काऊन घालवायचा?

एकदा मान शेजारच्या घरात गेला तर परत येणार नाही, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. रुखमाबाईंनी सुनेकडं असं पाहिलं, जणू मुकुंदाला तिनंच चोरून शेजारी नेऊन ठेवलं आहे.

विमलच्या लक्षात आलं की 'नाही' म्हणायची वाट बंद झाली. तेव्हा तिनं दुसरीकडून सुरुवात केली. ती म्हणाली, बसवा की, पण आधी सामान मला साफ करू द्या. तिचे वडील अमरावतीला गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर. दौऱ्यावर घोड्यानं जायचे आणि दर रविवारी आपलं खोगीर स्वतः साफ करायचे. फडकं भिजवून द्यायचं काम लहानपणापासून विमलचं. ऊन दाखवायचं नाही, आगीजवळ न्यायचं नाही, घाई करायची नाही, हे तीन नियम तिला पाढ्यांसारखे पाठ होते.

"त्या सामानाले माह्या हाताशिवाय कोणाचा हात लागला नाई," रुखमाबाई म्हणाल्या. "दर दसऱ्याले मी तूप लावते. कशाची कमी हाये त्याले?"

वामनरावांनी बराच वेळ मिशी चोळली. मग म्हणाले, "करू दे वं. माह्या आजाचं चामडं मीच कधी पाह्यलं नाई. तुपाखाली काय हाये ते दिसंल तरी."

अशी परवानगी मिळाली. आणि खरं सांगायचं तर ती मिळाल्यावर भीतीच्या जोडीला विमलच्या मनात दुसरंच काहीतरी जागं झालं. तिलाही पाहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मागच्या पडवीत, सावलीला, जुनं पोतं अंथरलं. रिठ्यांचं कोमट पाणी केलं, जुन्या धोतराची फडकी फाडली, बांबूची बोथट काडी घेतली. खोगिराच्या कडेला काडी लावताच कुंकवाचा पापुद्रा निघाला. त्याखाली पिवळा, त्याखाली काळपट लाल, पुन्हा पिवळा. कढईच्या बुडाला लागलेला गूळ खरवडावा तसं ते निघत होतं. आणि वास! खवट तुपाचा, कापराचा, उंदरांचा, आणि त्या सगळ्याच्या तळाशी कुठंतरी घोड्याच्या घामाचा. इतक्या वर्षांनीही घाम तिथंच होता. मुकुंदा नाक चिमटीत धरून जवळच बसला होता आणि दर पापुद्र्याला विचारत होता की आता काय निघंल.

या घरात पूर्वी चामड्याला मेण आणि बकऱ्याची चरबी लावत. वामनरावांच्या वडिलांनी माळ घातली तेव्हापासून घरात मटण बंद झालं, त्याबरोबर चरबीही गेली आणि तूप आलं. तूप पवित्र, म्हणून कुणाला कधी शंका आली नाही. पण तूप खवटतं, आणि खवटलेल्या तुपाला उंदीर येतात. विमलनं हे मोठ्यानं म्हटलं नाही. सासूबाई तुळशीपाशी वाती वळत बसल्या होत्या आणि मधूनमधून म्हणत होत्या, "माह्या हातचं तूप खरडून राह्यली तू. खरड, खरड."

दुपारपर्यंत पडवीत गर्दी झाली. वामनराव तंबाखूची चंची शोधायला आले, ती कमरेलाच होती. शालिग्राम आला तो बाह्या सारूनच बसला. किसनरावही आले. कारण खोगिराच्या डाव्या पाख्यावर, बाजूच्या लोंबत्या चामड्यावर, उठवलेला जो नाग होता, तो हळूहळू बदलत चालला होता.

हा नाग घरात फार मानाचा होता. वामनरावांच्या आजोबांना रानात नागानं वाट दाखवली, म्हणून त्यांनी तो खोगिरावर उठवून घेतला, म्हणून पाटलाच्या घरचे साप मारत नाहीत आणि नागपंचमीला खोगिराला दुधाचा नैवेद्य दाखवतात. विमलनं फडकं फिरवलं तशी नागाच्या फण्यावर चोच आली. मग तुरा. मग खालच्या वेटोळ्याची पिसं झाली, एकेक पीस डोळ्यासकट.

"हा तं मोर हाये," शालिग्राम म्हणाला.

वामनराव गुडघ्यावर हात ठेवून वाकले. मग किसनरावांना हसू आवरेना. "दादा, मोर तं सापाले खाते. अन् आपण त्याले दर वर्षी दूध पाजून राह्यलो."

वामनरावांनी आधी त्यांच्याकडं रागानं पाहिलं, मग तेही हसले, पोट धरून. हसता हसता ते विमलला म्हणाले की पाय दाखव बरं त्याचे, मोराचे पाय आहेत का. रुखमाबाई वाती सोडून उठून आल्या आणि नाइलाजानं म्हणाल्या की सुरेख हाये. तेवढ्यापुरतं घर एक झालं होतं. दोन भाऊ एका पोत्यावर बसले होते, एकाच फडक्यानं रिकिबीचं पितळ घासत होते. धुऊन झालेलं चामडं सावलीत सुकलं की विमल त्याला मेण आणि एरंडेल एकत्र कढवून बोटाच्या टोकानं लावत होती. थोडंच, मुरेल एवढं. चामडं चिंचेच्या रंगाचं निघालं, आणि हळूहळू त्याच्यात लवचीकपणा आला. आत्याबाई तेवढ्या दिसल्या नाहीत. त्या मागच्या कोठीत, गोधड्यांच्या ढिगापाशी होत्या.

तंग विमलनं शेवटी ठेवला होता. सगळे जेवायला उठले तेव्हा तिनं तो मांडीवर घेतला. सगळ्यात जास्त तूप त्यालाच होतं, कारण सगळ्यात जास्त पूजा त्याचीच. घोड्यावरच्या माणसाचा जीव तंगावर, असं रुखमाबाई म्हणत. वरून तो लोण्यासारखा मऊ लागत होता. तिनं तो उलटला.

आतल्या बाजूला मांजरपाटाचं अस्तर होतं, एका कडेनं उंदरांनी कुरतडलेलं. त्या फटीतून चामड्याचा मागचा भाग दिसला, काळा पडलेला, सुकलेल्या चिखलासारखा भेगाळलेला. बोटानं दाबला तर भुगा निघाला. या पट्ट्याच्या भरवशावर आपलं पोर बसणार होतं. आणि मग तिला दिसलं की चामडं आणि अस्तर यांच्यामध्ये आणखी काहीतरी आहे. पांढुरकी, जाड, विणलेली पट्टी. खाटेची नवार. या टोकापासून त्या टोकापर्यंत घट्ट शिवून टाकलेली, म्हणजे चामडं तुटलं तरी नवार धरून ठेवील.

हे चामडं शिवणाऱ्याचं काम नव्हतं. कडेला गोधडीचे तिरपे टाके होते, आणि ते उलट्या अंगाला कलले होते. तो कल विमलच्या ओळखीचा होता. मुकुंदाला ताप यायचा तेव्हा उशाशी बसून तिनं त्याच्या गोधडीच्या काठावरून किती वेळा बोट फिरवलं होतं. घरातल्या सगळ्या गोधड्या एकाच हातच्या, आणि तो हात डावरा होता.

तंग पदराखाली घेऊन ती कोठीत गेली. आत्याबाई जमिनीवर फाटक्या लुगड्यांचे तुकडे जुळवत बसल्या होत्या. विमलच्या पदराखालचा आकार पाहून त्यांनी सुई कापडात खोवली.

"पाह्यलाच शेवटी उलटून."

विमलनं विचारलं की हे कधी केलंत. आत्याबाईंनी आधी दाराकडं पाहिलं, मग सांगितलं. त्या विधवा होऊन माहेरी आल्या त्याच्या पुढच्या वर्षी शालिग्रामची पाळी होती. तंग याच कोठीत खुंटीला असायचा. गोधड्या काढताना तो त्यांच्या अंगावर पडला, दुमडला, आणि त्यातून करकर आवाज आला. त्यांनी भावाला सांगितलं. भाऊ म्हणाला, आजाचा तंग तुटत नसतो. मग वहिनीला सांगितलं. वहिनी म्हणाली की पोट्टं घोड्यावर बसायच्या आधी तुम्ही असं अभद्र काऊन बोलता, वन्सं. तुमचं झालं ते झालं, माह्या लेकराले नका पाहू. त्यानंतर त्या कुणाशी बोलल्या नाहीत. रुखवतात आलेली त्यांची नवारीची खाट होती. ती त्यांनी उसवली.

विमलनं कोठीत नजर फिरवली. खाट नव्हती. आत्याबाई जमिनीवर निजतात हे तिला माहीत होतं. व्रत आहे असं सगळे म्हणायचे.

"लोकांले वाटलं व्रत हाये," आत्याबाई म्हणाल्या, जणू तिच्या मनातलं ऐकून. "म्या बी म्हटलं, असू दे."

"मी मामंजींना हेच दाखवते," विमल म्हणाली. "तुम्ही शिवलं नसतं तर..."

"नाई." आत्याबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. "माहा हात दिसला तं चामड्याकडं कोणी पाह्यनार नाई. विधवेचा हात लागला म्हणून कुजलं म्हणतीन. माहा टाका तू उसवून टाक, धागा न् धागा काढ. मंग नुसतं चामडं ने न् दाखव कसं तुटते ते. पोट्टं वाचलं पायजे, आपल्याले बाकी काय करायचं हाये?"

विमलला त्यात तर्काची चूक सापडेना, आणि तरीही सगळं चुकतं आहे असं वाटत राहिलं. ती पडवीत येऊन बसली. आतून मुकुंदाला भरवणाऱ्या सासूबाईंचा आवाज येत होता. तिनं पहिला टाका कापला. धागा सुकून ताठ झाला होता; ओढला की सरळ निघत नव्हता, वाकडाच राहत होता. एवढ्या बारीक, एवढ्या सारख्या अंतरावरच्या टाक्यांवर तिच्या नवऱ्यानं सीम ओलांडली होती आणि त्याला ते ठाऊकच नव्हतं. आपण या बाईचं एकुलतं एक मोठं काम नखानं उकरून टाकतो आहोत, आणि तेही तिच्याच सांगण्यावरून. विमलचे हात थांबत होते, पुन्हा चालत होते.

"काय उसवून राह्यली?"

रुखमाबाई मागं उभ्या होत्या. उष्टा हात पदराला न लावता त्या तशाच खाली बसल्या आणि डाव्या हातानं तंग ओढून घेतला. सासूबाईंचा अंगठा नवारीवरून गेला, मग काठावर आला, तिथं थांबला. त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांची बाळंतपणं याच टाक्यांच्या गोधड्यांखाली झाली होती. त्यांनी चामडं दुमडलं. त्या वर्षीसारखाच तो आवाज आला असेल; फक्त आता तो ऐकणाऱ्या रुखमाबाई होत्या. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्याचा रंगच उतरला.

"किती काढलं?"

"निम्मं."

"राहू दे."

त्या उठल्या. तंग हातात घेऊन थेट ओसरीकडं निघाल्या. विमल मागं धावली. आता काय होणार हे तिला दिसत होतं. आत्याबाईंचं नाव निघणार, किसनराव हात झटकणार, खोगीर विटाळलं म्हणून नदीत जाणार आणि आत्याबाई मळ्यातल्या खोपीत.

ओसरीवर दोघे भाऊ आणि शालिग्राम जेवून बसले होते. रुखमाबाईंनी तंग नवऱ्यापुढं टाकला, उलटी बाजू वर.

"हे मी शिवलं होतं," त्या म्हणाल्या. "शालिग्रामच्या वक्ताले. चामड्यात दम नव्हता. भेव वाटलं म्हणून माह्या हातानं नवार घातली. कोणाले बोलले नाई. आता नवारीतबी दम नाई."

वामनराव बायकोकडं पाहत राहिले. मग ते उठले, तंगाच्या एका टोकावर पाय दिला आणि दुसरं टोक दोन्ही हातांनी ओढलं. चामडं शिळ्या भाकरीसारखं तुटलं, आवाजसुद्धा न करता. नवार क्षणभर ताणली आणि मग तीही उलगडली. ते खाली बसले. शालिग्राम तुटलेले तुकडे हातात घेऊन आईकडं असं पाहू लागला की विमलला वाटलं, हा आता रडेल.

बोलले ते किसनराव. "वहिनी, आम्ही सारे मोठे घोडेस्वार, अन् सांभाळलं तुम्ही," असं म्हणून त्यांनी टोपी नीट केली आणि सांगितलं की मी आत्ताच डोणगावला गड्याला पाठवतो, खोगीर शिवणाऱ्या अब्दुल गनीकडून नवा तंग करून आणतो; माझ्या गणपतला बसवायचा विषय मी काढला नव्हता असं समजा. वामनरावांनी नुसता हात हलवला. आजाचा तंग बदलायचा नाही, हा नियम जसा कुणी केला होता ते आठवत नव्हतं, तसाच कुणी मोडला तेही त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

विमलनं आतल्या दाराकडं पाहिलं. दाराच्या फटीत पांढऱ्या लुगड्याचा काठ होता. मग तो नव्हता.

चुलीपाशी दोघीच असताना तिनं सासूबाईंना विचारलं की असं का सांगितलं. रुखमाबाई पिठात पाणी घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"वन्संचं नाव घेतलं असतं तं काय झालं असतं? कॉलेज शिकली ना तू? तुले एवढं समजत नाई?"

समजत होतं. विमलला वाटलं, आपण या बाईला इतकी वर्षं ओळखलंच नव्हतं. एका वाक्यात तिनं घर, मान, नातू आणि नणंद, चारही सावरले. त्या दिवशी तिनं मनापासून सासूबाईंच्या पायांना तेल लावलं.

पण दुसऱ्या दिवशी गावातल्या बायका पाटलीणबाईंचं काम पाहायला आल्या. तुटलेला तंग पाटावर ठेवला होता. रुखमाबाईंनी आधी थोडक्यात सांगितलं. त्यांच्यातल्या गोजरबाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यात सुई मोडल्याचं आलं. संध्याकाळपर्यंत बोटातून रक्त आलं होतं, आणि खाटेची नवार काढताना रुखमाबाईंच्या सासूबाई काय म्हणाल्या होत्या तेही आलं. सांगताना रुखमाबाईंचे डोळे भरून येत होते, आणि ते खोटे नव्हते. विमल ताक घुसळत ऐकत होती. तिला कळेना, ही बाई नणंदेचा जीव वाचवते आहे की तिची खाट दुसऱ्यांदा उसवते आहे. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं का, हे तर्कशास्त्राच्या पुस्तकात नव्हतं. आणि कोठी तिथून हाकेच्या अंतरावर होती. सगळं ऐकू जात असणार.

नवा तंग आला. रुंद, पिवळसर, कोऱ्या चामड्याच्या वासाचा. विमलनं तो मेणाएरंडेलानं चोळून मऊ केला, मग परसातल्या कडुनिंबाच्या फांदीवरून टाकला आणि नवऱ्याला म्हणाली, लटका. शालिग्राम वकील कोट घालून त्याला लटकला. फांदी वाकली, कोटाची शिवण सुटली, तंग हलला नाही. मग तो विमलला म्हणाला की मी लगाम एका हातानं धरीन आणि दुसरा हात पोराच्या पाठीवर ठेवीन, बाबा काही म्हणोत. ओसरीवर गप्प बसल्यापासून तो पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहून बोलत होता.

आत्याबाई जेवायला येत नव्हत्या. नवरात्राचा उपास आहे म्हणाल्या. नवमीला उपास सुटला, तरी विमलनं कोठीत नेऊन ठेवलेलं ताट दसऱ्याच्या सकाळी तसंच झाकलेलं होतं. गोधडीचं कामही जिथं होतं तिथंच होतं. आत्याबाई भिंतीकडं तोंड करून निजलेल्या. "बरं वाटत नाही का?" विचारलं तर म्हणाल्या, "पोट्ट्याले नीट बसवजो." आणखी विचारायला ती वाकली तेवढ्यात वाजंत्री सुरू झाली. निघताना ती पुन्हा कोठीपाशी गेली तेव्हा दाराला आतून कडी होती. तिनं दोनदा हाक मारली. रुखमाबाईंनी तिच्या हातात पाण्याची कळशी दिली आणि खांद्याला धरून वळवलं. वेळ टळून चालली होती.

आता मिरवणूक मारुतीच्या पारापाशी आली आहे. मोराच्या खोगिरावर मुकुंदा एकटा बसला आहे, दोन्ही मुठींत मैनेची आयाळ धरून, ओठ घट्ट मिटून. शालिग्रामचा हात त्याच्या पाठीवर आहे आणि वामनराव ते न पाहिल्यासारखं करत आहेत. मागून कळशी घेऊन आई चालते. पोर सीम ओलांडेपर्यंत तिनं मागं वळून घराकडं पाहायचं नाही. पाहिलं तर पोराचं मन वाटेत राहतं, असं म्हणतात. विमलचा यावर विश्वास नाही. पण पोर तिचं आहे, आणि सगळं गाव तिच्याकडं पाहत आहे. तिचे डोळे तंगाच्या बकलावर आहेत, आणि कान मागं, त्या घराकडं. घरात आत्ता एकच माणूस आहे, आणि त्यानं काल संध्याकाळपासून पाणीसुद्धा मागितलेलं नाही.

तुम्ही या मिरवणुकीत नाही. तुम्हाला मागं जाता येईल. जरा जाऊन या ना. ओसरीवरून माजघरात, तिथून डाव्या हाताला, कणग्यांच्या पलीकडं मागची कोठी आहे. दार एकदम ठोठावू नका, आधी हाक मारा. आत्याबाई म्हणा, ओ देतील. ओ आली नाही तर पडवीकडून एक झरोका आहे, त्यातून पाहा. आणि कडी काढलीच तर तंगाचं काही बोलू नका, कुणी शिवला तेही विचारू नका. जेवलात का, एवढंच विचारा, आणि त्या बोलेपर्यंत जवळ बसा. विमल येतेच आहे. सीम आता फार लांब नाही.